पारायची राहिलेली सामायिक

१

नारायणगावच्या पेठेत दुपारी शटरं अर्धी खाली आली की सगळं कसं गप्प होतं. लांबून बाजार समितीकडच्या टोमॅटोच्या गाड्यांचा आवाज येतो, तेवढाच. त्या वेळेला मी आणि भुवा भांड्यांच्या दुकानाशेजारच्या बोळातून स्थानकाचा जिना चढायचो.

स्थानक म्हणजे आम्हा स्थानकवासी जैनांचं धर्माला बसायचं ठिकाण. मूर्ती नाही, गाभारा नाही, घंटा नाही. वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल, शहाबादी फरशी, मधोमध दोन खांब, पश्चिमेला तीन खिडक्या. घंटा नाही हे मुद्दाम सांगितलं, कारण घंटेपायीच मी तिथे जायला लागले होते.

मी डिंपल. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि शेजारच्या वारूळवाडीत एका शाळेत लागले. दिवाळीच्या आत सोडून घरी आले. तास संपल्याची घंटा झाली की मी दचकायचे, नुसती दचकायचे नाही, हातातलं खाली पडायचं. पोरांच्या हे लक्षात यायला किती वेळ लागतो? मग कंपासपेट्या पडायला लागल्या, बाकं आपटायला लागली. एकदा फळ्यावर लिहीत असताना मागे कुणीतरी वेफर्सच्या पुड्यात हवा भरून तो फोडला आणि मी अशी किंचाळले की मुख्याध्यापक धावत आले. दुसऱ्या दिवशी मला चपलेत पाय घालवेना. घरात कुणी रागावलं नाही. वडील फक्त एवढंच म्हणाले की, दुकानात बस, हिशोब बघ. तेच जास्त लागलं.

भुवा म्हणजे जतनबाई, माझ्या वडिलांची आत्या. वडील म्हणत म्हणून मी म्हणायला लागले आणि मग सगळी पेठच त्यांना भुवा म्हणायला लागली. लहानपणी विधवा झालेल्या, पलीकडच्या गल्लीत एका खोलीत एकट्या राहायच्या. दुपारची सामायिक त्यांनी कधी चुकवली नव्हती, तापातसुद्धा. मला घरी बसलेली पाहून एक दिवस त्या आल्या आणि आईसमोरच म्हणाल्या, "मांजर शिंकलं तरी ही उडते. मांजराला लाज वाटत असेल."

आई हसली. मलाही हसू आलं. मग भुवा माझ्याजवळ बसल्या.

"शरीराला दूध-तूप देतेस. आत्म्याला काय देतेस? त्याला रोज एका जागी बसवायला शिकव. बसायला शिकला की तो भक्कम होतो. मग घंटा काय, तोफ वाजली तरी तुझी तू राहशील."

सामायिक करायची ती अशी. पांढरे कपडे घालायचे, लोकरीचं आसन अंथरायचं, तोंडावर मुहपत्ती, म्हणजे पांढऱ्या कापडाची पट्टी, दोऱ्यानं कानांना अडकवायची. सामायिक घ्यायचा पाठ म्हणायचा आणि दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, हलायचं नाही. राग, लोभ, भीती, घर-दार, सगळं तेवढ्यापुरतं सोडायचं, अगदी आपलं शरीरसुद्धा. वेळ मोजायला लाकडी चौकटीतली काचेची रेतीची घडी असते. रेती संपली की पारायचा, म्हणजे सामायिक पुरी करायचा, पाठ म्हणायचा. पारली की सोडलेलं सगळं परत आपलं. पारल्याशिवाय उठायचं नाही. आणि बसलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. आणखी बसावंसं वाटलं तर रेती संपता संपता घडी उलटी करायची आणि न उठता दुसरी घ्यायची. भुवा बऱ्याचदा दुसरी घ्यायच्या.

पहिले काही दिवस मला नुसता माझाच श्वास ऐकू यायचा. मग हळूहळू खालची हातगाडी, पंख्याची कुरकुर, कबुतरं हे आवाज लांब जायला लागले. एकदा खाली कुणाचं तरी शटर धाडकन पडलं. मी दचकले नाही. डोळे मिटलेलेच ठेवले आणि आतून मला रडूच आलं. शेजारी भुवा होत्या, त्यांनी काही म्हटलं नाही, पण पारल्यावर खाली उतरताना माझ्या पाठीवरून एकदाच हात फिरवला.

२

भुवा गेल्या तो माघातला दिवस. आम्ही पाच-सहा बायका होतो. भुवा नेहमीसारख्या खांबाला पाठ टेकून, वयामुळे तेवढी सवलत त्या घ्यायच्या. मी त्यांच्या डाव्या हाताला.

रेती संपत आली. आम्ही पारायला लागलो. भुवा हलल्या नाहीत. मोहिनीबाई, या आमच्या स्थानकाच्या बायकांमधल्या मोठ्या, सगळं नियमानं करणाऱ्या, त्यांनी खुणेनंच सांगितलं की भुवांना आणखी बसायचं आहे. आणि भुवांची सामायिक खंडित व्हायला नको म्हणून त्यांनी स्वतः पुढे होऊन घडी उलटी करून दिली. यात वावगं काहीच नव्हतं. असं आम्ही एकमेकींसाठी करतो.

बायका दबक्या पावलांनी उतरून गेल्या. मी थांबले. मोहिनीबाईही माळ घेऊन बसल्या. दुपार कलली, खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत खांबापर्यंत आलं, भुवांच्या मांडीवर आलं. त्या बसलेल्याच. मोहिनीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तिसरी घेतली वाटतं. बघ, याला म्हणतात बळ." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मलाही अभिमान वाटला. आम्ही दोघी त्यांच्या पायांपासून हातभर अंतर ठेवून हात जोडून बसून राहिलो.

मग चिमाबाई झाडायला आली. ती डोंगराकडच्या मढ गावची. घरी भातखाचरं आहेत, पण शेतीचं काम नसेल तेव्हा इथे बहिणीकडे राहून पेठेतली झाडलोट करते. तिला सामायिकीचं काही नाही, तिला फक्त झाडून मोकळं व्हायचं असतं. तिनं सगळा हॉल झाडला, खांबापाशी आली, आणि म्हणाली, "भुवा, उठा बरं. लई येळ झाला." मोहिनीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चिमाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, भुवांकडे पाहिलं, झाडू खाली ठेवला आणि सरळ भुवांच्या गालाला हात लावला.

"आवं बायांनो," ती हळूच म्हणाली, "या गार पडल्यात."

डॉक्टर म्हणाले की खूप वेळ झालाय, जेवून आल्यावर लगेचच गेल्या असाव्यात. म्हणजे आम्ही पारत होतो तेव्हा त्या नव्हत्या. मोहिनीबाईंनी घडी उलटी करून दिली तेव्हाही नव्हत्या.

सगळ्या पेठेनं दुकानं बंद ठेवली. असं मरण कुणाला मिळतं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, आणि खरंच आहे ते. मी मात्र डॉक्टर आले त्या वेळचंच आठवत राहिले. ते भुवांचे डोळे बघत होते आणि भुवांच्या गुडघ्यापुढे घडी होती. तिच्यातली रेती पडत होती. वरचा भाग जवळजवळ भरलेला होता.

काही दिवसांनी मी मोहिनीबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, मी एकदाच फिरवली, नंतरची तूच फिरवली असशील ना?

मी नव्हती फिरवली.

३

मी ते सोडून दिलं. दोघी घाबरलेल्या होतो, गडबड होती, कुणाचा पाय लागला असेल, चिमाबाईनं झाडताना उचलून ठेवली असेल. माणसाचं मन मागाहून काहीही रचतं, हे मी बी.एड.ला मानसशास्त्रात शिकले आहे.

उन्हाळा लागला. लग्नसराई, त्यात टोमॅटोचा हंगाम, दुकानांना गर्दी. बायकांचं दुपारचं येणं कमी झालं. स्थानकाची किल्ली माझ्याकडे आली, कारण दुपारची सामायिक बंद पडू नये अशी सगळ्यांची इच्छा होती आणि रिकामी मीच होते. मलाही ते हवंच होतं. आता माझ्यात खरोखर फरक पडला होता. कुकरची शिट्टी झाली की मी फक्त गॅस बारीक करायचे. बंटी, माझा धाकटा भाऊ, दाराआडून भॉक करायचा, पहिल्यासारखं काहीच होईना तेव्हा त्यानं कंटाळून सोडून दिलं. म्हणाला, "तायडे, तुझ्यात आता मजा राहिली नाही राव."

वारूळवाडीच्या शाळेतून निरोप आला की जूनपासून पुन्हा यायचं असेल तर जागा आहे. मी हो म्हटलं. वडिलांनी त्या दिवशी दुकानातून येताना पेढे आणले.

म्हणजे माझ्यासाठी सगळं त्या बसण्यावर होतं. ते सोडलं तर मी पुन्हा तीच, चपलेत पाय न घालू शकणारी. एवढं लक्षात ठेवलं तर पुढे मी जे केलं ते का केलं हे कळेल.

एके दुपारी मी एकटीच होते. डोळे मिटलेले, श्वास संथ. रेतीचा आवाज येत नाही असं लोकांना वाटतं, पण अगदी शांत असेल तर येतो. तांदूळ लांब कुठेतरी कुणी पाखडतंय असा. तो आवाज बारीक होत गेला, म्हणजे संपत आली. मी मनात पारायच्या पाठाची जुळवाजुळव केली.

टक.

लाकूड फरशीवर टेकल्याचा आवाज. हलकाच, काळजीपूर्वक. बसलेल्याला त्रास होऊ नये म्हणून करावा तसा. आणि तांदूळ पाखडल्याचा आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मी दचकले नाही. त्याचं मला नंतर फार नवल वाटलं. मी डोळे उघडले. हॉल रिकामा. घडी माझ्यासमोर, वरचा भाग भरलेला.

आता काय करायचं? रेती चालू आहे तोवर उठायचं नाही. मी बसले.

खाली उतरले तेव्हा उन्हं उतरली होती. आई म्हणाली, एवढा वेळ? मी म्हटलं, दुसरी घेतली. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला पुढे काही सांगवेना.

मग ते अधूनमधून होऊ लागलं. मी कारणं शोधली. घडीची चौकट एका बाजूला झिजली असेल आणि कलंडत असेल. मी ती कलंडवून पाहिली, पुस्तकाला पुस्तक लावून आडोसा केला. झोप लागत असेल आणि झोपेत मीच फिरवत असेन, तर मी हात मांडीखाली दाबून बसले. त्या दिवशीही टक झालं, माझे दोन्ही हात मुंग्या येऊन बधिर झालेले असताना.

४

महासतीजी, म्हणजे आमच्या मोठ्या साध्वी, त्या सुमारास विहार करत मंचरला आल्या होत्या. आमच्या साध्वी वाहनात बसत नाहीत, गावोगाव चालत जातात आणि स्थानकात मुक्काम करतात. वडिलांच्या मागे गाडीवर बसून मी दर्शनाला गेले. रस्ताभर वाक्यं ठरवत होते. वडील बाहेर थांबले.

महासतीजी वयस्क, हडकुळ्या, पायांना भेगा. पात्र पुसत होत्या. मी भुवांचं सांगितलं, की त्या सामायिकीत गेल्या, त्यांची पारायची राहिली. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणाला पारता येते का, एवढंच विचारलं. घडीचं सांगितलं नाही.

"ज्यानं घेतली त्यानंच पारायची," त्या म्हणाल्या. "आणि देह सुटला तिथे व्रत सुटलं. त्यांची काळजी तू का करतेस?"

त्यांनी पात्र बाजूला ठेवलं.

"तुझी नीट पारतेस ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. ज्या ज्या दिवशी ते टक झालं होतं, त्या त्या दिवशी मी शेवटी पारली होती की पायांना रग लागली म्हणून नुसतीच उठले होते? डोळ्यासमोर जिना येत होता, चपला येत होत्या. पाठ येत नव्हता.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या की घडी वापरू नकोस, माळेवर मोज. आणि मी वंदना करून उठताना मागून म्हणाल्या, "बसायला बळ लागतं. उठायलाही लागतं, मुली. ते कुणी शिकवत नाही."

५

मी घडी नेऊन मोहिनीबाईंच्या घरी ठेवली. काचेला तडा गेलाय वाटतं, बघा बरं, असं खोटंच सांगून.

शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. त्या दुपारी न बसता जायचं माझ्या मनात होतं, पण सकाळपासून छाती धडधडत होती, आईनं हातातलं भांडं ठेवलं तर मी मागे सरकले. मला वाटलं, एकदाच. माळेवर मोजून. भुवांच्या खांबापासून लांब, खिडकीखाली आसन घातलं.

सामायिक घेतली. माळ फिरायला लागली. छाती शांत झाली, इतकी छान शांत झाली की मला भुवांचा हात पाठीवर आठवला. माळ पुरी झाली. मी ती खाली ठेवली. पारायचा पाठ म्हणायला सुरुवात केली.

टक.

घडी दोन गल्ल्या पलीकडे मोहिनीबाईंच्या कपाटात होती. मी स्वतःला हे शब्दांत सांगितलं. कुणाच्या तरी घरातली खुर्ची असेल. तांदूळ पाखडल्याचा आवाज सुरू झाला. पंखा असेल. पण वीज नव्हती, मगाशीच गेली होती.

मी पाठ पुन्हा सुरू केला. तोंडपाठ आहे मला, झोपेतून उठवलं तरी येतो. दोन ओळी नीट आल्या आणि तिसरीला माझ्या तोंडून घ्यायचा पाठ निघाला. सोडते, असं ज्यात म्हणतात तो. हे शरीर सोडते. मी थांबले. चूक झाली म्हणून पहिल्यापासून धरला. तिसऱ्या ओळीला पुन्हा तेच. मी पारायला जात होते आणि प्रत्येक वेळी नवी घेत होते. आणि मला शब्द आठवायची गरज पडत नव्हती, कारण कुणीतरी अर्धा शब्द पुढे होतं. लहान मुलाला शिकवताना सांगतात तसं. मी नुसती मागून म्हणत होते.

पाय म्हणजे लाकूड झाले होते. मी म्हटलं, ऊठ. कुणाला म्हटलं कुणास ठाऊक, कारण कुणीच उठलं नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. आईची पावलं मी ओळखते, ती उजव्या पायावर जोर देते. तिच्यामागे मोहिनीबाई. माझा जीव भांड्यात पडला. दार किलकिलं झालं. मला हाक मारायची होती, पण तोंड पाठ म्हणत होतं.

"बसू दे," मोहिनीबाई कुजबुजल्या. "आत्ताच दुसरी घेतली तिनं. ऐकलंस ना?"

"उद्या शाळा आहे तिची," आई म्हणाली. आवाज ओला होता. "म्हणून बसली असेल पोर."

"बघ कशी बसलीय. सगळी भुवाच."

आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून कडीला हात धरून, हळूच.

तेव्हा मी डोळे उघडले. तेवढंच माझ्या हातात होतं. मान वळत नव्हती, म्हणून समोरची फरशी आणि डाव्या बाजूचा डोळ्याच्या कडेनं दिसेल तेवढा भाग. माझ्या आसनाला लागून आणखी एका आसनाची लोकरी कड होती. तिच्यावर पांढऱ्या लुगड्याचा काठ, नीट घडी करून गुडघ्याखाली दाबलेला. वर, जिथे चेहरा असायला हवा तिथे, मुहपत्ती. बोलणाऱ्या माणसाची मुहपत्ती हलते, श्वासानं आत-बाहेर होते. माझी होत होती, मला नाकाखाली दिसत होतं. ती हलत नव्हती. शब्द मात्र तिकडूनच येत होते.

मी डोळे मिटले. आणि सांगायला नको वाटतं, पण मला बरं वाटत होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. झाडूचा आवाज आला. लांबून जवळ आला.

"ए बाय, पाय उचल," चिमाबाई म्हणाली. मग, "ए बाय." मग झाडू पडल्याचा आवाज, आणि तिच्या खरखरीत हातांनी माझ्या काखेत धरून मला बोचकं उचलावं तसं उभं केलं. मुहपत्ती दोरा तुटून खाली पडली. मी तिच्या अंगावरच कोसळले आणि लहान पोरीसारखी रडले. तिनं विचारलं नाही काय झालं. "पाय चोळ," एवढंच म्हणाली, "रगत उतरू दे."

दारातून मी एकदा वळून पाहिलं. हॉल झाडून झाला होता. फरशीवर झाडूच्या रेघा दिसत होत्या, खिडकीपर्यंत सरळ आलेल्या. माझं आसन मी उचललं होतं, त्याच्या शेजारी मात्र त्या रेघा वळून गेल्या होत्या, मधे आसनाएवढी जागा सोडून.

"तिथलं राहिलं," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," चिमाबाई म्हणाली आणि माझा दंड धरून मला पुढे घातलं.

घरी मोहिनीबाई येऊन बसल्या होत्या. कौतुक करून झाल्यावर त्यांनी विचारलं की तुझ्याबरोबर आज कोण होतं, जिन्यापर्यंत दोघींचा आवाज येत होता, एक पुढे सांगतेय, एक मागून म्हणतेय.

६

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात पोरांनी पुडा फोडला. मी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम दिला आणि वळून पाहिलं. वर्ग चिडीचूप झाला. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, काय बदल आहे हो तुमच्यात!" घंटा वाजते, मला ऐकू येते, बस्स. ज्यासाठी बसले ते मला मिळालं आहे, हे मी नाकारत नाही.

स्थानकात मी परत गेले नाही. किल्ली दिली. मला वाटलं, झालं.

मग एका मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये चहा घ्यायला बसले. पुढचं मला आठवतं ते शिपाई संपतचा ट्रे माझ्या खांद्याला लागल्याचं. मी उठले. चहावर जाड साय आली होती. माझ्या शेजारी बसणारी आरती मॅडम म्हणाली, "कसलं ध्यान लागतं गं तुझं. तीनदा हाक मारली. शेवटी म्हटलं नको डिस्टर्ब करायला, तुझा तास मी घेतला."

चिमाबाईनं उठवलं तेव्हा माझी सामायिक मोडली, पारली नाही. म्हणजे ती चालूच आहे. घरी खिडकीशी, गच्चीवर, उभ्या उभ्या पारून पाहते. तिसऱ्या ओळीला कुणीतरी पुढे असतं.

तेव्हापासून मी बसत नाही. वारूळवाडी जवळच आहे, चालत जाते, चालत येते. वर्गातली खुर्ची मागे सरकवून ठेवली आहे. जेवते ओट्यापाशी. हे लिहितेय तेही ओट्यावरच, उभी राहून. झोपताना आडवी होते, त्याला काही होत नाही. पण दिवसभरात पाय असे भरून येतात की कुठलीही सपाट जागा, पायरी, पिंप, पोत्यांची थप्पी, मला बोलावते आहे असं वाटतं.

मी आईला सांगितलं. सगळं नाही, एवढंच की मी कधी बसलेली दिसले आणि हाकेला ओ दिली नाही तर मला हात धरून उठव. आई घाबरली. माझ्यासाठी नाही घाबरली.

"सामायिकीत बसलेल्याला हात लावू?" ती म्हणाली. "असलं पाप मला करायला सांगतेस होय गं? आणि तू तर एवढी शक्ती मिळवलीस, ती मी मोडू?"

वडिलांना विचारलं तर त्यांनी कानाला हात लावला. बंटी हसला.

म्हणून मी चिमाबाईला सांगून ठेवलं होतं. तिनं का म्हणून विचारलं नाही. रोज संध्याकाळी ती आमच्या दारावरून जाताना आत डोकावायची, मला उभी बघायची आणि म्हणायची, "हाय का उभी? बरं हाय." मी हसायचे. त्या एका डोकावण्यावर माझा दिवस निघायचा.

आज ती आली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. वर पाऊस चांगला झालाय, खाचरं भरली, भाताच्या आवणीला माणूस नाही म्हणून घरून निरोप आलाय. मढची जीप कोपऱ्यावर उभी होती.

"परत कधी?" मी विचारलं.

"आता न्हाई लवकर. आवणी, मग बेननी, तण काढायचं. भात निघाल्याबिगर कसं यायचं?" तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण जीपवाल्यानं हॉर्न दिला. इतका मोठा हॉर्न, अगदी कानाजवळ. चिमाबाई दचकली. मी नाही.

जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत मी उंबऱ्यात चौकट धरून उभी होते. पोटऱ्या थरथरत होत्या. आतून आईच्या पावलांचा आवाज आला, उजव्या पायावर जोर देणारा, आणि माझ्या मागे फरशीवर तिनं काहीतरी आणून टेकवलं. बहुतेक पाट असावा. मी वळून पाहिलं नाही. मला भीती वाटायला हवी होती. मी ती शोधत होते, खिशात किल्ली शोधावी तशी, आणि ती कुठेच सापडत नव्हती.

आईनं माझ्या खांद्यांवर मायेनं दोन्ही हात ठेवले.

"किती उभी राहशील गं," ती म्हणाली. "बस बरं जरा."